लोकरीच्या वखारीची जमीन

आईला घाण सहन होत नाही, हे आमच्या घरातलं पहिलं शील. बाकीची पाच त्यानंतर. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआमधल्या त्या भाड्याच्या घरात आम्ही पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा बॅगा दारातच सोडून तिने आधी बादली शोधली. बादली नव्हती. मोरी नव्हती. धुवायला फरशीसुद्धा नव्हती, कारण भिंतीपासून भिंतीपर्यंत राखाडी कार्पेट खिळलेलं होतं. तिने वाकून त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हणजे हे लोक घाण झाकून ठेवतात आणि वर चालतात." बाबांनी व्हॅक्यूम क्लीनर आणून दिला, पण ज्या कामाला पाणी लागत नाही ते काम झालं असं तिला आजतागायत वाटलेलं नाही. चौकातल्या डेअरीतून, म्हणजे तिथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, तिने पहिल्याच आठवड्यात दूध, ब्रेड आणि एक लाल प्लॅस्टिकची बादली आणली. पुढे जे घडलं त्यात ही बादली होती.

घरात आम्ही चौघं. बाबा इमारतींची मोजमापं घेऊन नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात लागले होते. मी तेरा वर्षांची, शाळेत कुणाला माझं सुजाता हे नाव धड उच्चारता येत नव्हतं म्हणून कायम रुसलेली. आणि त्या वर्षी बाबांचे वडील, आमचे आबाजी, वर्ध्याकडून सहा महिन्यांसाठी आले होते. आजी गेल्यावर त्यांना एकटं ठेवायचं नाही म्हणून बाबांनी आणलं, पण इथे येऊन ते जास्तच एकटे झाले. कानटोपी घालून ते खिडकीशी बसत आणि खाडीपलीकडून जाणाऱ्या आगगाड्या मोजत. भिंतीवरच्या दोन तसबिरींना सकाळी हात जोडायचे, दुपारी भाकरी मागायची, ज्वारीचं पीठ नाही म्हटल्यावर "बरं" म्हणायचं, एवढंच त्यांचं बोलणं. फक्त रविवारी मटण शिजलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "अवो, येथं मटन भाजीपेक्षा स्वस्त," असं ते दर रविवारी नव्याने सांगत. बाबा ओळखीत सांगताना म्हणत, "आमचे वडील कापसाच्या धंद्यात होते." आबाजी ते ऐकून खिडकीबाहेर बघत. ते धंद्यात म्हणजे नेमके काय होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

तेव्हा आमच्यासारखी आठ-दहा कुटुंबं त्या बाजूला विखुरली होती. कुणी इंजिनियर, कुणी नर्स, एक दातांचे डॉक्टर. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी वंदनेला जमायचं, मग मसालेभात आणि गप्पा. लोक वाढले, सोफे बाल्कनीत काढून ठेवायची पाळी आली, आणि आदल्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला तर मुलांना जिन्यात बसवावं लागलं. मोठ्या जागेची शोधाशोध सुरू असतानाच बाबांच्या ऑफिसला वेलिंग्टनच्या बंदराजवळच्या एका जुन्या वखारीची मापं घ्यायचं काम आलं. त्या संध्याकाळी बाबा जेवताना घास हातात धरून बोलत राहिले. मी त्यांना असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. "वरचा मजला रिकामा आहे," ते म्हणाले, "आणि तिथे सावलीच पडत नाही."

पहिल्यांदा गेलो तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. तांबड्या विटांची तीन मजली इमारत, बाहेरून अगदी कंटाळवाणी, एखाद्या तुरुंगासारखी. दार उघडलं डेसने. डेस म्हणजे तिथला राखणदार, साठी ओलांडलेला, दोन बोटं अर्धी तुटलेला, थंडीतही जँडल्स घालणारा. जँडल्स म्हणजे आपल्या रबरी चपला. "किआ ओरा," असा तिथला नमस्कार करून त्याने आबाजींचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला नाही. तळहाताकडे एकदा बघितलं, मग आबाजींकडे, आणि जिना चढू लागला. तळमजल्यावर जुन्या फर्निचरवाल्याची कपाटं आणि एका कोपऱ्यात एका छोट्या व्यापाऱ्याची लोकर. मधल्या मजल्यावर बॅडमिंटनचा क्लब, त्यांच्या बुटांची किरकिर. आणि मग तिसरा मजला.

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले ती थांबलेच. इतकी मोठी खोली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. शाळेची सगळी मुलं त्यात मावली असती आणि तरी ती रिकामी वाटली असती. जाडजूड लाकडी खांबांच्या रांगा पार टोकापर्यंत गेलेल्या, आणि वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, प्रत्येक दात्याची एक बाजू काचेची. बाबा हळू आवाजात समजावत होते: या देशात सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून काचा सगळ्या दक्षिणेकडे. ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. गाठी फोडून लोकर इथे मांडायचे आणि विकत घेणारे तिचा तंतू नि रंग पारखायचे, त्यात उन्हाने फसगत व्हायला नको. त्या उजेडात आईचा चेहरा मला वेगळाच दिसला. तिच्या नाकाशेजारचा तीळ, कपाळावरची बारीक आठी, सगळं स्वच्छ, आणि कुठेच सावली नाही. माझी माझ्या आईशी त्या दिवशी नव्याने ओळख झाली म्हणा ना.

आणि जमीन! पायाखाली रुंद लाकडी फळ्या, मधाच्या रंगाच्या, आणि अशा मऊ चकाकणाऱ्या की मला वाटलं कालच कुणी रंग दिलाय. डेस म्हणाला, नाही, हिला कुणी कधीच काही लावलेलं नाही. लोकरीच्या गाठी वर्षानुवर्षं या जमिनीवरून ओढल्या गेल्या. मेंढीच्या अंगचं तेल तागाच्या पोत्यांतून झिरपलं आणि फळ्यांत मुरलं. त्याचे वडील इथे गाठी ओढत होते, तो इथे चौदाव्या वर्षी लागला, बोटं इथेच गेली. हे सांगताना त्याने वाकून फळीवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "गो ऑन, लव्ह." मीही हात फिरवला. ती जमीन गार नव्हती. मे महिन्याच्या त्या गारठ्यात लाकूड माझ्या हाताला कोमट लागलं, आणि हाताला जो वास आला तो तुपाचा नाही, घामाचा नाही, या दोहोंच्या मधला कुठला तरी.

वंदनेसाठी डेसने चावी दिली. इमारतीचा मालक लांब गावी राहायचा, क्वचित यायचा. त्याला न विचारता डेसने आपल्या जबाबदारीवर ती दिली, हे आम्हाला मागाहून कळलं. अट एकच: बूट जिन्यात काढायचे. आई म्हणाली, "ही पण काय अट झाली?" आणि त्या क्षणी तिने डेसला आपल्या माणसांत धरलं.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी शनिवारी बायका तयारीला गेल्या. बाबा आणि बाकीचे पुरुष खुर्च्या आणायला गेले होते, डेस कुठेतरी बाहेर होता. मी आणि आबाजी सोबत. आता हे सांगायला हवं की सणाच्या आदल्या दिवशी जागा धुणं ही आमच्याकडे चर्चा करायची गोष्ट नाही. बुद्धाची मूर्ती जिथे बसणार, जिथे पांढऱ्या कपड्यांत माणसं मांडी घालणार, ती जागा झाडलोट करून नुसती सोडायची? आईने पायाने जमीन चाचपली आणि तिला तो चिकटपणा जाणवला. "शी गं, किती वर्षांचं तेलकट आहे हे! पुरुषांना चकाकतं तेवढं दिसतं." बॅडमिंटनवाल्यांच्या मजल्यावर गरम पाण्याचा नळ होता. लाल बादली, आणखी पाच बादल्या, घरून आणलेला धुण्याचा सोडा, काथ्याचे ब्रश. कोपऱ्यातून आईने सुरुवात केली. मी पाणी वाहत होते. पाणी पडताच फळ्यांवर पांढरा फेस आला, आणि फेस पाहून सगळ्यांना जोर चढला, कारण फेस म्हणजे मळ निघतोय. कुणीतरी गाणं म्हणायला लागलं. आबाजी तेवढे तळमजल्यावर लोकरीच्या गाठी बघत रेंगाळले होते. ते वर आले तोवर अर्धी खोली धुऊन झाली होती.

"थांबा," ते ओरडले. ते आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांचा मोठा आवाज ऐकला. "काय करून रायली वं माय? थे तेल हाय, मळ नोय!"

आई ब्रश धरून बसल्या जागी थांबली. पाणी वाहून गेलं, फळ्या सुकू लागल्या, आणि मग आम्हाला दिसलं. जिथे मध होता तिथे राख होती. लाकडाचे तंतू उभे राहिले होते, फळ्या म्हाताऱ्या माणसाच्या टाचांसारख्या भेगाळलेल्या, कोरड्या, आणि आईच्या कोपऱ्यात तर अगदी पांढऱ्या. खोलीच्या मधोमध एक रेघ होती: अलीकडे आमचा स्वच्छपणा, पलीकडे ती जमीन.

तेवढ्यात डेस जिना चढून आला. तो त्या रेघेपर्यंत चालत गेला. मला वाटलं ओरडेल. तो खाली बसला, अर्ध्या बोटांनी ती राखाडी फळी चाचपली आणि म्हणाला, "ओह, डिअर." एवढंच, आणि तेही इतक्या हळू की मला रडू आलं. मग बाबा परत आले आणि त्यांच्याशी बोलताना सगळं उलगडलं. तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, मालक इमारत बघायला येणार होता. चावी दिल्याचं त्याला माहीत नव्हतं. आणि तळमजल्यावरच्या जुन्या हिशेबनिसाच्या खोलीत डेस राहत होता. राखणदारी गेली की ती खोली गेली. त्याला दुसरं घर नव्हतं. आईला हे मराठीत सांगितलं गेलं तेव्हा तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले, जणू ते हात कुणाच्या दृष्टीला पडू नयेत.

पौर्णिमेची वंदना आम्ही न धुतलेल्या अर्ध्या भागात केली. खीर पातेल्यातच राहिली. सगळे पांगल्यावर आबाजी त्या रेघेशी उकिडवे बसले आणि बाबांना म्हणाले, "त्याले इचार, तागाचे जुने बोरे हायत काय? हे नायलनचे नोको. नायलनमधून तेल कसं उतरन?" बाबांना कळेना. आबाजींनी आपले तळहात उघडून त्यांच्यापुढे धरले. "तीस वर्सं जिनिंग प्रेसात रुईच्या गाठी वढल्या मी," ते म्हणाले. "कापसाचा धंदा नोय. हमाली. धुतल्यानं गेलं, तं चोपडल्यानं येईन."

बाबांनी ते डेसला इंग्रजीत सांगितलं. सगळं सांगितलं, हमालीसकट. माझे बाबा अभिमानी गृहस्थ. त्यांना ते शब्द उच्चारताना मी पाहिलं आणि त्या वयातही मला कळलं की आज घरात काहीतरी मोठं झालंय. डेसने मान डोलावली. पहिल्या दिवशी हात हातात घेतला तेव्हाच त्याला ते माहीत होतं, असं तो म्हणाला. तळहात लपत नाहीत. मग तो खाली गेला आणि भिंतीवर टांगलेला, गाठी ओढायचा एक लोखंडी आकडा घेऊन आला, लाकडी मुठीचा. आबाजींनी तो असा धरला की जणू काल संध्याकाळीच खाली ठेवला होता.

पुढचे तीन आठवडे ती इमारत पुन्हा लोकरीची वखार झाली. व्यापाऱ्याने टाकून दिलेली तेलकट, चिकट लोकर डेसने मिळवली. माळ्यावरून तागाची जुनी पोती निघाली. आबाजी आणि डेस, एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला मराठी, दोघं मिळून गाठी भरत होते आणि एकदाही एकमेकांच्या आड आले नाहीत. एक दाबायचा, दुसरा शिवायचा. "गाठ उचलाची नसते, चालवाची असते," आबाजी आम्हाला शिकवायचे आणि आकड्याने कोपरा हलवून ती एवढी मोठी गाठ दोन पायांवर चालावी तशी चालवून दाखवायचे. "पन आपल्याले वढाची हाय. वढा!" मग आम्ही ओढायचो. दातांचे डॉक्टर, नर्सबाई, बाबा, आई, सगळे. फळ्या थंड असल्या तर तेल धरत नाही, म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरचे हीटर आणले. तीन आठवडे दहा कुटुंबं घरी कुडकुडली. वजन हवं म्हणून मुलांना गाठीवर बसवायचे. मी पुढच्या गाठीवर बसून त्या सावली नसलेल्या उजेडातून, खांबांच्या रांगेतून, या टोकाहून त्या टोकाला जायची. वर काचांवर समुद्रपक्ष्यांचे पाय वाजायचे, बंदरातून बोटीचा भोंगा यायचा, आणि खालून ताग लाकडावर घासल्याचा तो खसखस आवाज. राणी हत्तीवर बसते म्हणतात. मी मेंढीवर बसले होते, आणि जगातल्या कुठल्याही राणीशी अदलाबदल केली नसती.

परतीच्या गाडीत लोक आमच्यापासून लांब बसायचे. आमच्या केसांना, स्वेटरांना, डब्यातल्या पोळ्यांनासुद्धा मेंढीचा वास. शाळेत एका मुलीने नाक धरलं तेव्हा मी पहिल्यांदा रुसले नाही. आणि जमीन खरोखर परत येत होती! पहिल्या आठवड्यात काही दिसेना. दुसऱ्या आठवड्यात राखेत पिवळी झाक आली. तिसऱ्यात एका संध्याकाळी डेसने हाक मारली, आम्ही रेघ शोधायला गेलो आणि रेघ सापडेना. मी आजवर काही मोठमोठ्या गोष्टी पाहिल्या आहेत, जन्म आणि मरण दोन्ही जवळून पाहिलं आहे, पण त्या संध्याकाळी मी खाली बसून त्या फळ्यांकडे जशी बघत राहिले तशी फार थोड्या वेळा राहिले आहे. फक्त आईचा कोपरा उरला. चटईएवढा पांढरट डाग. तिथे सोडा सगळ्यात जास्त पडला होता आणि ब्रशही सगळ्यात जोराने चालला होता. आई रोज त्यावर हाताने लोकर चोळायची. तो हलला नाही.

मालक सोमवारी येणार होता. आला रविवारी सकाळी. आमचं त्रिशरण होऊन पंचशील चाललं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी नुकतंच एका सुरात चौथं शील म्हटलं होतं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन, इतक्यात जिन्यात काठीचा आवाज आला. मागे वळून बघितलं तर पायऱ्यांवर आमच्या चाळीस जोड बुटांच्या मधोमध एक उंच म्हातारा उभा, आणि त्याच्या मागे पांढराफटक झालेला डेस. म्हाताऱ्याने बुटांकडे पाहिलं, आमच्या पांढऱ्या कपड्यांकडे, मूर्तीपुढच्या फुलांकडे पाहिलं. मग तो नाड्या सोडायला वाकला. त्याला नीट वाकता येईना, तेव्हा आबाजी उठून गेले आणि त्यांनी आपला खांदा पुढे केला. मालक त्या खांद्यावर हात ठेवून, मोज्यांवर, त्या जमिनीवर चालत आला. एकही फळी न चुकता तो बघत होता. आणि त्या कोपऱ्याशी थांबला.

"इथे काय झालं?" त्याने विचारलं.

आईला तेवढं इंग्रजी कळत होतं. ती उठून उभी राहिली. तिचे ओठ उघडलेले मी पाहिले. डेसने तिच्याकडे बघून अगदी किंचित मान हलवली, नाही म्हणून, आणि मालकाला म्हणाला, "छप्पर. मोठं दक्षिणेचं वादळ आलं होतं ना, तेव्हा गळलं थोडं. आता दुरुस्त केलंय."

मालक आईकडे बघत होता. का, कुणास ठाऊक. कदाचित बसलेल्यांतून ती एकटीच उठली होती म्हणून. आईने ओठ मिटले.

"बरं झालं," मालक म्हणाला, आणि जाताना डेसला म्हणाला की ही माणसं येत असतील तर येऊ देत, बूट काढणारी माणसं त्याने या देशात फार पाहिली नाहीत. डेसची खोली राहिली. मालकाला खाली सोडून वर आल्यावर तो आईला म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, मिसेस जी!" म्हणजे सगळं झकास. आम्ही गजभिये, पण त्याला ते जमायचं नाही, म्हणून नुसतं जी. सगळे हसले, खिरीवर तुटून पडले. आई वाढत होती.

त्यानंतर आई वंदनेत चौथ्या शीलापाशी थांबू लागली. पहिली तीन शीलं म्हणायची, मग गप्प व्हायची, एक श्वास, दोन श्वास, आणि मग हळू आवाजात चौथं. एकदा तिने बाबांपाशी हट्ट धरला, मालकाला पत्र लिहून खरं सांगूया. बाबा म्हणाले, "तुझं मन हलकं होईल, पण डेसचं घर जाईल. कुठलं शील मोठं?" तिने पत्राचा विषय पुन्हा काढला नाही. आबाजी मुदत संपल्यावर परत गेले. डेसने दिलेला आकडा त्यांनी बॅगेत कपड्यांखाली घालून नेला आणि गावी ज्याला त्याला दाखवला. काही वर्षांनी मालक वारला. डेस त्याच खोलीत, आपल्या अंथरुणात गेला. आईने त्याच्यासाठी खीर नेली होती त्या सकाळी. त्यानंतर कबुली द्यायची तरी कुणाला? आणि आम्ही, तिच्याबरोबर वंदना म्हणणारे, तिच्यासाठी थांबायला शिकलो. माझी मुलगी तारा शीलं आजीकडूनच शिकली. मोठी होईपर्यंत तिला वाटायचं की ती शांतता वंदनेतच आहे.

आम्ही पुढे मोठ्या विहारात जमू लागलो. वखारीच्या वरच्या मजल्यावर कधी नाटकवाल्यांचे पडदे राहिले, कधी भिंती चढायचा क्लब झाला. मग एका भूकंपानंतर इमारत बरीच वर्षं बंद होती. आता तिच्या पोटात लोखंडी तुळया आहेत आणि वर घरं आहेत. जाहिरात ताराने फोनवर पाहिली. घर घ्यायचा प्रश्नच नव्हता, पण बघायला तर कुणालाही जाता येतं. बाबा आता नाहीत. मी पन्नाशीची, आई पंचाहत्तरीच्या घरातली, तारा सोळाची. तिघी गेलो.

दारात एजंट, चकचकीत टोकदार बुटांतला तरणा मुलगा, म्हणाला, "शूज इथेच काढाल का, प्लीज?" आई माझ्याकडे बघून हसली. खोलीचे चार तुकडे झालेत, पण आमच्या वाट्याला त्या दिवशी तोच कोपरा आला. करवती छप्पर तसंच. काचा तशाच. आणि तोच उजेड. त्यात मी आईचा चेहरा पुन्हा पाहिला. तीळ होता, आठी आता एक राहिली नव्हती, आणि कुठेही सावली नव्हती. मी पुन्हा तेरा वर्षांची झाले. जमिनीवर आता कसलासा पारदर्शक थर आहे, पण खाली तो मध जिवंत आहे. एजंट हातातल्या कागदावरून सांगत होता, मूळ लोकरीच्या तेलाने घडलेली जमीन, असं आता कुठे मिळत नाही. "आणि हा पॅच," तो खिडकीजवळच्या पांढरट डागाकडे बोट दाखवून म्हणाला, "जुन्या वादळात छप्पर गळलं होतं, त्याची खूण. कॅरेक्टर म्हणून मुद्दाम ठेवलीय."

डेसचं खोटं इतकी वर्षं टिकून कागदावर छापलं गेलं होतं.

"नो," आई म्हणाली.

एजंटने हसून कान पुढे केला.

"नो लीक," ती म्हणाली. "आय वॉश्ड. हॉट वॉटर, वॉशिंग सोडा. रूफ वॉज गुड. मॅन वॉज गुड. माय मिस्टेक."

"ऑ, हीप्स ऑफ स्टोरीज इन दिस बिल्डिंग," एजंट मायेने म्हणाला, म्हातारी माणसं काहीबाही बोलतात तशा सुरात. मी म्हणाले, ती खरं सांगते आहे, मी स्वतः पाणी वाहिलंय. तो आमच्याकडे, मग डागाकडे, मग हातातल्या कागदाकडे पाहत राहिला. शेवटी त्याने खिशातून पेन काढलं आणि त्या ओळीवर रेघ मारली. त्याने तेवढं करायचं काही कारण नव्हतं. कुठे असेल तिथे त्याचं भलं होवो.

"आजी, यू नेव्हर टोल्ड एनीवन?" ताराने विचारलं.

आई डागाशेजारी खाली बसली होती, तळहात त्यावर ठेवून. "एकदा विचारलं होतं गं," ती म्हणाली. "तेव्हा बोलले नाही."

त्या संध्याकाळी घरी दिवा लावून आम्ही तिघी वंदनेला बसलो. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. सवयीने तारा थांबली, मी थांबले. आई थांबली नाही. तिने चौथं म्हटलं, मोठ्याने, आणि तशीच पाचव्यावर गेली. ताराने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी घाईघाईने तिच्या मागे निघालो.